इंदूर: ‘काही होणार नाही’ न म्हणण्याचं प्रशिक्षण

हेमंतदादा, माझा मामेभाऊ, फोनवर म्हणाला, नातीचं बारसं आहे, येच तू. नेमकं त्याच आठवड्यात इंदुरात ओसीडीच्या, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो त्याच्या उपचारांचं प्रशिक्षण होतं. मी धुळ्याला समुपदेशक आहे. असे पेशंट माझ्याकडे येतात आणि माझं घोडं मध्येच अडतं. एका तिकिटात दोन कामं होतील म्हणून निघाले. खरं तर तिसरंही काम मनात होतं. दादाच्या बायकोचं, शुभावहिनींचं, काय चाललंय ते कानावर आलं होतं.

रस्त्याचं सांगते. धुळ्याहून सकाळची बस धरा, तिकीट पाचशेच्या आसपास. शिरपूर मागे पडलं की बिजासनचा घाट लागतो. तिथे ट्रकांच्या मागे अडकलात तर तास गेलाच समजा. सेंधव्याला चहा बरा मिळतो, भज्यांच्या वाटेला जाऊ नका. खलघाटला नर्मदा आली की निम्मी बस हात जोडते. एरवी मला हा प्रवास फार आवडतो, या वेळी खिडकीबाहेर लक्षच लागलं नाही.

दादाचं घर स्नेहलतागंजात, स्टेशनवरून चालत जाता येतं. दारातच बादली आणि साबण ठेवलेला. बॅग व्हरांड्यात ठेवायची, चपला त्याच्याही बाहेर, आधी आंघोळ आणि मग बोलणं. दादा हसत म्हणाला, “सफाईत अपना इंदूर एक नंबर, आणि इंदुरात तुझी वहिनी. पूरे मोहल्ल्यात मशहूर आहे ती.” पहाटे कचरागाडी गाणं वाजवत येते, वहिनी तिच्याही आधी उठून नळाशी असतात. त्यांचे हात मी बघितले. बोटांच्या पेरांवर भेगा, त्यांत साबण गेलेला, कातडी जुन्या रबरासारखी.

भाची मृण्मयी बाळंतपणाला माहेरी आलेली. वहिनी तिच्यासाठी डिंकाचे लाडू करत होत्या, बाळाची दुपटी उकळून काढत होत्या, धुरीची तयारी करून देत होत्या. सगळं करत होत्या. मृण्मयी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, “आत्या, आईने तिला अजून एकदाही घेतलं नाहीये.” आपल्या हाताचं काहीतरी लागेल आणि पोर मरेल, अशी वहिनींना भीती. रोज कितीदा तरी त्या दादाला विचारायच्या, काही होणार नाही ना? दादा रोज तितक्याच मायेने सांगायचा, काही होणार नाही. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि पुन्हा नळ सुरू.

प्रशिक्षण पलासियाजवळच्या एका हॉटेलात होतं. तिथे जाताना कोपऱ्यावर पोहे जरूर खा. वर शेव आणि जिरावण नावाचा इंदुरी मसाला, सोबत गरम जिलबी, पोट भरतं आणि खिशाला कळतही नाही. शिकवणाऱ्या निगम मॅडम मोठ्या कडक. पेशंटला जे करायला सांगाल ते आधी स्वतः करा, म्हणाल्या, आणि आम्हाला आमच्याच चपलांच्या तळांवर हात चोळायला लावले. मग पुढ्यात पोहे ठेवले आणि हात धुवायला बंदी. देवासचा एक तरुण समुपदेशक आधी खूप हसला, मग प्लेट घेऊन नुसता बसून राहिला. मी खाल्ले. दिवसभर हात माझे नाहीतसे वाटत राहिले. वहिनी असं रोज जगतात, हे मनात आलं तेव्हा रडूच आलं मला.

दुसऱ्या दिवशीचा सराव ऐकायला अगदी सोपा होता. जोड्या करायच्या. एकाने विचारायचं, काही होणार नाही ना? दुसऱ्याने धीर द्यायचा नाही. माहीत नाही, एवढंच म्हणायचं आणि समोरच्याची घालमेल संपेपर्यंत जवळ बसायचं. आम्ही सगळे नापास. तोंडातून आपोआप “छे हो, काही होत नाही” निघायचं. लहानपणापासून हेच तर ऐकत आलोय, पडल्यावर, ताप आल्यावर, कुणी गेल्यावरसुद्धा. मॅडम म्हणाल्या, तुमचा हा धीर त्या आजाराचं खाणं आहे. मी वहिनींचा विषय काढला. त्यांनी स्पष्ट सांगितलं की नात्यातल्या माणसावर उपचार करायचे नाहीत, त्यांना माझ्याकडे आणा. आणि घरच्यांना म्हणावं, धीर देणं हळूहळू थांबवायचंय, ते कसं हे मी शिकवीन.

संध्याकाळी दादाला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. “पागलांच्या डॉक्टरकडे नेऊ तिला? अपन समजावतो ना रोज.” मॅडमचा पत्ता मात्र त्याने खिशात ठेवला.

बारसं प्रशिक्षण संपल्यावर, रविवारी झालं. आमच्याकडे आधी वरवंट्याला टोपडं घालून, गोविंद-गोपाळ म्हणत तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, मग बाळाला. वहिनींनी वरवंटा सकाळपासून धुऊन धुऊन ठेवलेला. तो त्यांनी छान घेतला, छातीशी धरला, टोपडं सारखं केलं. मग मृण्मयीने बाळ पुढे केलं. म्हणाली, “आई, घे ना.”

वहिनींचे हात अर्धे उचलले गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “नीता, तू शिकून आलीस ना? मी घेतलं तर काही होणार नाही ना तिला?”

बायका थांबल्या होत्या. मागून दादाच म्हणाला, “काही नाही होणार गं. पण राहू दे, जबरदस्ती नको.” वहिनींचे हात खाली आले. बाळाला विहीणबाईंनी घेतलं, इरा नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. वहिनी सगळा वेळ वरवंटा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आणि थोपटत होत्या त्याला.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जा, शहर छान आहे, माणसं अघळपघळ आणि प्रेमळ. माझ्यासोबत मात्र तो वरवंटा आला. दादाला दोनदा विचारलं, निगम मॅडमकडे गेलात का? बघतो, म्हणाला.

परवा वहिनींचा फोन आला. इराला लस टोचली, रात्री ताप आला. लसीने येतो असा ताप, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाल्या. मग आवाज बारीक झाला.

“पण मी वरवंटा धरला होता ना, पाळण्याला लागला असेल. त्यानं तर नाही ना आला?”

‘छे हो वहिनी’ अगदी ओठांवर आलं. ते गिळलं. इतकं कठोर मी आजवर कुणाशी वागले नव्हते.

“मला माहीत नाही, वहिनी,” मी म्हणाले. “पण मी आहे फोनवर.”

पलीकडे नळ सुरू झाला. फोन त्यांनी ठेवला नव्हता. मीही ठेवला नाही, नळ बंद व्हायची वाट बघत बसले.