बाणकोटसमोरून जाताना

दिवाळीत आमच्या महाळुंग्यात एक वेगळीच शांतता येते. कंपन्या बंद होतात, कामगार आपापल्या जिल्ह्यांत निघून जातात, आणि एरवी घरासमोरून धडधडत जाणारे ट्रेलर ताडपत्र्या ओढून कडेला पडून राहतात. माझ्या नवऱ्याचं, इक्बालचं, ट्रकचं गॅरेज आहे. ट्रकच उभे म्हटल्यावर गॅरेजही बंद. मी चाकणच्या एका शाळेत शिकवते, तिथेही सुट्टी. इतकी वर्षं ही सुट्टी आम्ही घर धुण्यात आणि झोपण्यात घालवली. गेल्या वर्षी मात्र इक्बाल आपणहून म्हणाले, "या दिवाळीत कुठे तरी जाऊ या. अम्मी, तू सांग. अजमेर? महाबळेश्वर?"

माझ्या सासूबाईंनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. भाजी निवडता निवडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "जहाजात बसवशील?"

अम्मींचं माहेर कोकणातलं, बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी. त्यांचे वडील जहाजावर कामाला होते. वर्षातून एकदा घरी यायचे, कधी तेही नाही. अठराव्या वर्षी अम्मी लग्न होऊन चाकणला आल्या आणि समुद्र मागे पडला. आमच्याकडे भामा नदी आहे, पण तिला त्या नदी म्हणायला तयार नसतात. "अब्बा सांगायचे," त्या म्हणाल्या, "दर्यातनं आपला गाव तळहातावर मावेल एवढा दिसतो. मशीद, मागची टेकडी, सगळं. एकदा तसा बघायचा हाय."

आमची लेक सना कॉलेजात आहे. तिनं जेवायच्या आत फोनवर क्रूझ शोधूनही काढली. मुंबईहून गोवा आणि परत. "दादी, तुझ्या गावासमोरूनच जाणार," ती म्हणाली. अम्मींनी चष्मा लावून फोनमधला नकाशा बराच वेळ पाहिला. त्यात बाणकोट लिहिलेलं नव्हतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, "हितं."

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आम्ही आजवर गावाला गेलो होतो, लग्नांना गेलो होतो. पण नुसती मजा करायला बॅग कशी भरतात ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. एका रविवारी पिंपळे सौदागरला जाऊन चाकांच्या दोन बॅगा आणल्या. सनाला तिथल्या रात्रीच्या जेवणासाठी लांब झगा हवा होता, तो वाकडच्या मॉलमध्ये मिळाला. इक्बालनी आयुष्यात पहिल्यांदा पांढरे बूट घेतले आणि ग्रीस लागेल म्हणून खोक्यातच ठेवले. शाळेतल्या एका मैत्रिणीनं क्रूझ केलेली होती. तिनं बजावलं, "मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि खोलीत उशिरा येतात. लागणाऱ्या वस्तू छोट्या पिशवीत ठेव. आणि बोट लागण्याच्या गोळ्या विसरू नकोस."

मी काही म्हणजे काही विसरले नाही. सर्दीचं औषध, पोटाचं औषध, गरम पाण्याची पिशवी, दोरी, कपडे वाळत घालायचे चिमटे. रोज संध्याकाळी मी बॅग उघडायची, एक वस्तू काढायची आणि दोन घालायची.

अम्मींची तयारी वेगळीच चालली होती. त्यांनी सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) भाजून डब्यात भरली, आंब्याच्या लोणच्याची बरणी फडक्यात बांधली आणि नारळाच्या वड्या केल्या.

"दादी, तिथे सगळं जेवण मिळतं. बाहेरचं नेऊ देत नाहीत," सना म्हणाली.

"दर्यावर जाणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत," अम्मी म्हणाल्या. "अम्मा माझी असंच बांधून द्यायची अब्बांना."

सनानं माझ्याकडे पाहिलं. मी डबे बॅगेत ठेवले.

मुंबईला पोचलो तेव्हा बंदराच्या इमारतीपलीकडे जहाज उभं होतं. ते जहाज आहे हे आधी कळलंच नाही. मजल्यावर मजले, गॅलऱ्या, काचा. वाकडचा एखादा टॉवर आडवा करून ठेवल्यासारखं दिसत होतं. अम्मींनी मान वर करून ते न्याहाळलं आणि विचारलं, "पण मग दर्या कुठाय?" खरंच, जहाजाआड पाणी दिसतच नव्हतं.

सामान तपासणाऱ्या बाईंनी लोणच्याची बरणी आणि सुकटीचा डबा बाहेर काढला. त्यांना वाईट वाटत होतं. "मावशी, हे आत जाणार नाही हो. आणि परतही मिळणार नाही."

अम्मींनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग बरणी त्यांच्याकडे सरकवत म्हणाल्या, "मग तुम्ही घरी न्या. टाकू नका. घरच्या कैऱ्या नव्हत्या, पण चव बरी आलीय."

त्या गडबडीत आमच्याकडून छोटी पिशवीही मोठ्या बॅगांबरोबर गेली. अम्मींची औषधं, चपला, जानमाज (नमाजाची चटई), सगळं त्यात. खोलीत बॅगा येईपर्यंत त्या पलंगाच्या कडेला पाहुण्यासारख्या बसून होत्या. शेवटी जहाजाचा टॉवेल अंथरून त्यांनी असरची (दुपारनंतरची) नमाज पढली. पश्चिम कुठे ते मात्र त्यांनी बरोबर सांगितलं; जहाज वळलं तशा त्याही वळल्या.

आतलं काय सांगू? काचेच्या लिफ्ट, दुकानं, गाणी, पोहायचा तलाव. जेवणाच्या दालनात इतके पदार्थ मांडलेले होते की सना नुसतीच फेऱ्या मारत राहिली. इक्बाल पांढरे बूट घालून जपून चालत होते. अम्मींनी वरणभात घेतला आणि म्हणाल्या, "समुद्रावर आलो आणि मासळीला वासच नाय." त्यांचा जीव बाहेर होता. डेकवर कठडा धरून त्या उभ्या राहायच्या, वाऱ्यानं दुपट्टा डोक्यावर राहायचा नाही, आणि चेहरा असा दिसायचा की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना स्वयंपाकघराच्या उजेडातच पाहिलेलं.

जाताना कोकणचा किनारा अंधारात गेला. इक्बालनी चौकशीच्या टेबलावर जाऊन विचारून घेतलं. तिथल्या माणसानं सांगितलं, परतीच्या वाटेवर सकाळी उजाडताना जहाज त्या बाजूनं जाईल, हवा स्वच्छ असली तर टेकड्या दिसतील. "म्हणजे येताना दिसेल," इक्बाल अम्मींना म्हणाले. त्या म्हणाल्या, "चालेल. एवढी वर्षं थांबलेय."

गोव्यात आम्ही टॅक्सी करून फिरलो. एक जुनं चर्च पाहिलं, एक किनारा पाहिला, सनानं फोटो काढले. टॅक्सीवाल्यानं अम्मींना विचारलं, "आजी, कसं वाटलं गोंय?" अम्मी म्हणाल्या, "माझ्या गावासारखंच हाय. फक्त लोक जास्त." त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. जहाज आपल्याला सोडून गेलं तर, ही एकच धास्ती.

गोव्याहून निघालो आणि संध्याकाळी समुद्र बिघडला. फार नाही; जहाजावरचे लोक नाचत होते, जेवत होते. पण अम्मींना उलट्या सुरू झाल्या. दर्यावर्दी माणसाच्या लेकीला बोट लागावी याची त्यांनाच लाज वाटत होती. "कुणाला सांगू नको," त्या मला म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. मी पिशवीतून गोळी काढली.

"नको गो. त्यानं झोप लागते. सकाळी मला जागं व्हायचं हाय."

"अम्मी, पोटात पाणी ठरत नाहीये तुमच्या. घ्या. मी उठवते ना."

"उठवशील?"

"उठवते."

त्यांनी गोळी घेतली, माझा हात धरला आणि हळूहळू झोपल्या.

पहाटे इक्बाल उठले तेव्हा मीही उठले. अम्मी कुशीवर झोपल्या होत्या. गालांवर रंग परत आला होता, श्वास शांत होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अम्मी," म्हटलं, पण अगदी हळू. त्या हलल्या नाहीत.

"झोपू दे," इक्बाल कुजबुजले. "किती हाल झालेत. आपण वर जाऊ. दिसायला लागलं की मी पळत येतो बोलवायला."

मला ते पटलं. पटलं याचंच आता नवल वाटतं.

सनाही फोन घेऊन आमच्यामागून वर आली. डेकवर आमच्यासारखी तुरळक माणसं होती. पूर्वेला आकाश उजळत होतं आणि त्याच्या खाली किनारा, एक लांबलचक करडी रेघ. मग रेघेच्या टेकड्या झाल्या. एका टेकडीपाशी जमीन तुटल्यासारखी दिसली, खाडीचं तोंड असावं, आणि तिथे काहीतरी पांढरं. मशीद होती की कुणाचा बंगला, देव जाणे. सूर्य टेकड्यांमागून वर येत होता, त्यामुळे डोळे दिपत होते.

"हेच असेल?" इक्बाल म्हणाले. "जाऊ का खाली?"

"नीट दिसत नाहीये," मी म्हटलं. "थोडं जवळ येऊ दे. त्यांना चढून यायला लावायचं आणि काही दिसायचं नाही."

आम्ही थांबलो. किनारा जवळ आला नाही. जहाजाचं तोंड जरा समुद्राकडे वळलं, टेकड्या पुन्हा रेघ झाल्या, आणि ऊन वर आल्यावर धुरक्यात रेघही गेली. इक्बाल तेव्हा पळाले. खरंच पळाले, पांढऱ्या बुटांनी जिना उतरून. मी आणि सना मागोमाग गेलो.

अम्मी पलंगावर उठून बसल्या होत्या. पडद्याच्या फटीतून ऊन आत आलं होतं. त्यांनी इक्बालकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गेलं?"

सना पुढे झाली, फोनवर काढलेला फोटो दाखवू लागली. "दादी, हे बघ, हे पांढरं..." अम्मींनी फोटो पाहिला, सनाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान आलाय." मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं खोली आवरणारा माणूस आला. पन्नाशीचा असेल. बोलण्यावरून कोकणातला वाटला म्हणून अम्मींनी गाव विचारलं, तर गुहागरकडचा निघाला. अम्मींना हुरूप आला.

"मग येता-जाता तुझा गाव दिसत असेल ना रे तुला?"

तो हसला. "कुठचा हो मावशी. आमी आतमध्ये. चादरी, बाथरूम, परत चादरी. वर जायला मिळत नाय, पॅसेंजरची जागा ती. इतकी वर्षं झाली, गाव काय एकदा दिसला नाय."

"एकदाही नाय?"

"घरी मात्र सांगतो, दिसतो म्हणून," तो उशीला खोळ घालत म्हणाला. "पोरींना बरं वाटतं."

अम्मी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

मुंबईत उतरलो, गाडीत सामान भरलं आणि घाटाकडे निघालो. सना मागे झोपून गेली. इक्बाल गाडी चालवत होते. मी दोनदा मनात वाक्य जुळवलं आणि गिळलं. शेवटी म्हटलं, "अम्मी, माझं चुकलं. मी उठवायला हवं होतं."

"तू माझं भलंच बघितलंस," त्या म्हणाल्या. खिडकीबाहेर डोंगर मागे जात होते. बऱ्याच वेळानं त्या बोलू लागल्या, पण ते माझ्याशी होतं की स्वतःशी, सांगता येत नाही.

"लहानपणी मी रोज संध्याकाळी बंदरावर जायची. लांबून जहाज गेलं की ओढणी काढून हलवायची. कुठलं का असेना जहाज. अब्बा घरी आले की मला मांडीवर घेऊन सांगायचे, मी तुला बघितलं हां. लाल ओढणी होती ना तुझी?"

"होती?" इक्बालनी विचारलं.

"होतीच. मला दुसरी होती कुठे?" त्या किंचित हसल्या. मग म्हणाल्या, "इंजिनात कामाला होते रे ते. खाली. त्यांना कुठनं दिसणार होता बंदर? हे माझ्या एवढ्या वयात कधी डोक्यातच आलं नाय."

तळेगावला हमरस्ता सोडून चाकणच्या रस्त्याला लागलो तेव्हा पहिले ट्रेलर सुरू झालेले दिसले. दिवाळी संपली होती.

घरी आल्यावर बॅगा उपसायला मला चार दिवस लागले. निम्म्या वस्तू हात न लागता परत आल्या होत्या. इक्बाल म्हणाले, पुढच्या सुट्टीत गाडी काढून थेट बाणकोटला जाऊ. अम्मी म्हणाल्या, "जाऊ की. पण जमिनीवरनं बघितलेलाच हाय तो." शाळेत मैत्रिणी विचारतात, कशी झाली क्रूझ? मी लिफ्टचं सांगते, जेवणाचं सांगते, सनाच्या झग्याचे फोटो दाखवते.

त्या सकाळी मी त्यांना हलवून उठवलं असतं, तर जिना चढताना कदाचित चक्कर आली असती, पुन्हा उलटी झाली असती. उन्हात त्यांना गाव ओळखूही आलं नसतं. पण त्या कठड्याशी उभ्या राहिल्या असत्या, आणि त्या किनाऱ्याकडे जहाजावरून एकदा तरी कुणी हात हलवला असता.