देवळालीचा ळ

ऐंशीच्या दशकात संध्याकाळच्या देवळाली कॅम्पच्या बसमध्ये मला रोज एक जाड चष्म्याचे गृहस्थ दिसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. ते एका कारखान्यात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचे आणि शेजारच्या तरुण सहकाऱ्याशी वाटभर भांडायचे. त्यांच्या कॉम्प्युटरच्या भाषेची नवी आवृत्ती येणार होती आणि तिच्यातून काही जुन्या आज्ञा काढून टाकणार होते.

"सर, त्या आज्ञांनी नुसता गोंधळ होतो. गेल्या तर बरंच," एकदा तो तरुण म्हणाला.

"आणि माझे इतकी वर्षं चाललेले प्रोग्रॅम बंद पडतील, त्याचं काय?" गृहस्थ उसळले. "उद्या मुळाक्षरांतून ळ काढला, तर ही बस जाणार कुठे?"

"देवलालीला!" मागून कंडक्टर म्हणाला. "पलटणीतले हिंदीवाले तसंच म्हणतात. उतरतात बरोबर."

गृहस्थ सोडून सगळी बस हसली.

पुढच्या आठवड्यात दोघांच्या मांडीवर प्रोग्रॅमचे लांबलचक कागद पसरलेले होते. गृहस्थ एकेक जुनी आज्ञा खोडत होते, तरुण शेजारी नवी लिहीत होता. प्रत्येक वेळी खोडण्याआधी गृहस्थ जरा थांबायचे, आणि तोही पेन उचलून धरायचा.