बिनगॅसची शेकोटी

माझ्या नाकाबद्दल बहारीनच्या नईम मोहल्ल्यात दंतकथा आहेत. निम्म्या मीच पसरवल्या. पलीकडच्या सनाबिस वस्तीत कुणाचा गॅस सुटला तर मला इथे घरी शिंक येते, असं मी छातीठोक सांगतो. गॅसच्या शेकोट्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. वाळवंटात शेकोटी कशाला, असं रत्नागिरीचे पाहुणे विचारतात. अहो, जानेवारीत वारा सुटला की बंगल्यांतले शेठ असे कुडकुडतात, जणू बहारीन सरकत हिमालयाला जाऊन टेकलंय! एका धुराड्यातून तर मी कबुतरांच्या तीन पिढ्या बाहेर काढल्या. पणजोबा कबुतर माझ्याशी भांडलं. बायकोला सांगताना पिढ्या पाच व्हायच्या.

ती आजारी पडली आणि उपचार सुरू झाल्यावर तिला सतत थंडी वाजू लागली. दोन रजया, सोफ्यामागे विजेचा हीटर, तरी वाजायचीच.

"जन्मभर लोकांकडे जाळ लावलात," ती म्हणाली, "मला एकदा तरी दाखवा की."

एका बंगल्याने टाकून दिलेली शेकोटी मी खांद्यावरून सातव्या मजल्यावर आणली. आमची इमारत चार मजली आहे, पण त्या दिवशी सात भरले. साबणाचं पाणी लावून सांधे तपासले, काचेवरची काजळी पुसली, बर्नर साफ केला. पण फ्लॅटला धुराडं कुठलं? जळलेला वायू घरातच कोंडला की जीव घेतो, आणि त्याला वास नसतो. तिथे माझं जगप्रसिद्ध नाकही फुकट. गॅस जोडायला माझा हात धजेना.

मग थाप मारली. मातीच्या खोट्या ओंडक्यांमागे लाल बल्ब बसवला, खाली छोटा पंखा, आणि पंख्यावर नारिंगी कापडाच्या पट्ट्या. फडफडायला लागल्या की हुबेहूब जाळ. बाहेर गार वारा होता, म्हणून खिडकी घट्ट लावली.

"यल्ला, चल, बघ!"

तिने दोन्ही हात पुढे केले. "छान ऊब आहे हो."

तो अख्खा हिवाळा रोज संध्याकाळी ती शेकत बसायची आणि मी कबुतरांच्या पिढ्या वाढवायचो.

पुढे सलमानियाला दवाखान्यात एका दुपारी तिने विचारलं, "त्या शेकोटीत गॅस नव्हता ना?"

"काहीतरीच! अस्सल गॅस..."

"खिडकी लावली होतीत. चहाला गॅस पेटवला तरी आधी खिडकी उघडणारा माणूस तुम्ही. गिऱ्हाइकांचं डोकं खाता त्यावरून." ती थोडं हसली. "आणि पट्ट्या माझ्या ओढणीच्या होत्या."

"कधी कळलं?"

"पहिल्याच संध्याकाळी."

"मग बोलली का नाहीस?"

"इतकं मन लावून खोटं बोलत होतात. आणि हात खरंच गरम व्हायचे."

चार दिवसांनी ती गेली. ते चार दिवस मला कितीही ओढले तरी पाच करता येत नाहीत.

यंदाही वारा सुटलाय. संध्याकाळी बल्ब लावतो, ओढणी फडफडू लागते, समोर तिची खुर्ची. पण आता बटण दाबायच्या आधी खिडकी सताड उघडतो. खोलीभर गारठा येतो. येऊ दे. निदान या वेळी तरी तिला शेकोटी खरी वाटली पाहिजे.