पिवळा राहिलेला कोपरा

माझ्या सासूबाई देवाला मानतात की नाही, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. विचारलं की म्हणतात, "कपडे आणून देतो तो माणूस ओळखीचा. त्याच्या पलीकडे कोण बसलाय, मला काय ठाऊक?" आणि पुन्हा पिळायला लागतात. पण आसपासच्या झाडून सगळ्या देवांची धुणी येतात ती आमच्याच घरी.

आमची लॉन्ड्री आहे. पुढे दुकान. तिथे माझा नवरा मशिनं आणि इस्त्री सांभाळतो आणि मी काउंटर, म्हणजे गिऱ्हाइकांची बोलणी. दुकानाच्या मागे छोटं अंगण आणि अंगणाच्या कडेला सासूबाईंची मोरी. तिथे मशीन चालत नाही, ब्रश चालत नाही आणि सूनही चालत नाही. मी उंबऱ्यात उभी राहून बघायचे. सासूबाई स्टुलावर बसून चर्चचे रुमाल चुबकत असायच्या आणि मला म्हणायच्या, "तुझा हात जड आहे." माझ्या हाताला नावं ठेवायला त्यांना कधी कारण लागलं नाही.

चर्चचे ते रुमाल म्हणजे प्रार्थनेतल्या द्राक्षारसाचा पेला पुसायचे. त्यांचं पहिलं पाणी गटारात सोडायचं नाही, मातीत जिरवायचं, असं फादरांनी पहिल्यांदाच सांगून ठेवलं होतं. सासूबाईंनी ते पाणी अंगणातल्या लिंबाच्या झाडाला घालायला सुरुवात केली. मग त्यांच्या मनात आलं की एकाचं पाणी झाडाला आणि बाकीच्यांचं गटारात, हे काही बरं दिसत नाही. तेव्हापासून सगळ्यांचंच पहिलं पाणी लिंबाला जातं. ज्यू आजोबांच्या प्रार्थनेच्या शालीचं जातं. त्या शालीच्या कोपऱ्यांना गाठी मारलेले दोरे असतात, ते सुटू नयेत म्हणून सासूबाई आधी त्यांना कापडी पिशव्या बांधतात. पारशी बाईंच्या मलमलीच्या सदऱ्याचंही जातं. त्याच्या गळ्याशी इवलासा खिसा असतो, माणसाची चांगली कामं त्यात साठतात म्हणे. बाकी सगळ्या कपड्यांचे खिसे सासूबाई उलटे करून झटकतात, तो एक नाही. म्हणतात, "साठलेलं सांडायचं कशाला?" एवढं सगळं पुण्य पिऊनही आमची लिंबं आंबट ती आंबटच.

तर, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या चाचांचं हजला जायचं ठरलं. आयुष्यभर लोकांची घड्याळं उघडून बसलेला माणूस. हसणं कमी, बोलणं त्याहून कमी. ते आमच्याकडे एक गाठोडं घेऊन आले आणि मला बाजूला सारून थेट सासूबाईंना हाक मारली. गाठोड्यात दोन पांढऱ्या सुती चादरी होत्या, कुठेही शिवण नसलेल्या. हजला पुरुष अंगावर एवढंच घेतात. राजा असो की हमाल, तेच दोन तुकडे.

"अब्बांच्या आहेत," चाचा म्हणाले. "ते ह्याच नेसून जाऊन आले होते. परत आल्यावर कफनासाठी म्हणून जपून ठेवल्या. आमच्यात बरेच जण ठेवतात. पण शेवटी मला म्हणाले, मला नव्या कापडात गुंडाळ, ह्या नेसून तू जाऊन ये." मग जरा थांबून म्हणाले, "वासाचा साबण नको हं ताई. तिथे सुगंध चालत नाही."

"माहीत आहे, भाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं.

त्याच सुमाराला टेकडीवरच्या विहारातल्या भंतेजींचं चीवर, म्हणजे अंगावर गुंडाळायचं वस्त्र, धुवायला आलं होतं. भंतेजी वयाने लहान, स्वभावाने बोलके. त्यांचं चीवर उन्हाने सारखं फिकं पडायचं आणि त्याबद्दल ते माझ्या काउंटरवर अखंड तक्रार करायचे. ह्या खेपेला त्यांनी ते स्वतःच हळदीत बुडवून रंगवलं होतं, सढळ हाताने. सासूबाईंनी जादा रंग उतरावा म्हणून ते एका टबात भिजत घातलं आणि नंतर काढून दोरीवर टाकलं. टबातलं पाणी तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ आलेलं होतं, मोरीत उजेड बेताचाच. मी दुकान उघडत होते. सासूबाईंनी मागून हाक मारली, "अगं, बघ तरी! कशा पांढऱ्याशुभ्र निघाल्या!"

मी अंगणात गेले. दोरीवर चाचांच्या चादरी होत्या आणि दोन्ही पिवळ्या होत्या. सासूबाई त्यांच्यावरून कौतुकाने हात फिरवत होत्या.

मी घाबरले. चादरींसाठी नाही, त्यांच्यासाठी. भंतेजींच्या टबातलं पाणी त्यांना स्वच्छ दिसलं होतं. हे कापड त्यांना पांढरं दिसत होतं. डॉक्टरांनी मागेच मोतीबिंदू सांगितला होता, आणि सासूबाईंनी 'मग बघू' करत ऑपरेशन पुढे ढकललं होतं. कारण तेवढे दिवस मोरीत कोण बसणार? मी बसेन म्हणायची सोय नव्हती, माझा हात जड.

"आई," मी म्हटलं, "पिवळ्या झाल्यात हो."

त्यांनी चादर डोळ्यांपाशी नेली. उजेडाकडे वळून पाहिली. मग खाली बसल्या, स्टूल कुठे आहे हे न बघताच, आणि मी पुढे सरकवलं म्हणून बरं.

नवरा धावत आला आणि त्याने खास पुरुषी उपाय सांगितले. पहिला, ब्लीच. सासूबाई ओरडल्या, "हात लावू नकोस! इतकं जुनं सूत, चाळण होईल त्याची!" दुसरा, बाजारातून तशाच दोन आणू, चाचांना काय कळणार आहे? ह्यावर त्या ओरडल्या नाहीत. नुसतं मुलाकडे पाहिलं, आणि तो दुकानात निघून गेला.

मग ओल्या चादरींची घडी घालून त्या चाचांच्या दुकानी गेल्या. मी सोबत होते. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "भाई, मला दिसत नाही. मी हळदीच्या पाण्यात घातल्या. चूक माझी."

चाचांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. चादर उलगडली, पुन्हा मिटली. ते चिडले असते तर बरं झालं असतं. "शनिवारी निघायचंय मला," एवढंच म्हणाले आणि दुकानाचं दार आतून ओढून घेतलं. चादरी आमच्याच हातात राहिल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी मोरीतले टब एकेक करून पालथे घातले. "फादरांना सांग, आजोबांना सांग. सगळ्यांची धुणी परत कर. विश्वासावर चालणारं काम आहे हे. मी कुणाच्या वडिलांची आठवण पिवळी करत फिरणार नाही." मी म्हटलं, ऑपरेशन करू, सगळं नीट दिसेल. तर म्हणाल्या, "आता कशाला हवेत डोळे?" मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की मी काउंटरवर जाऊन उगाच हँगर आपटत बसले.

त्याच वेळी भंतेजी चीवर न्यायला आले. समोर सापडले म्हणून सगळा राग त्यांच्यावर काढला. "एवढी हळद घालतं का कुणी? लोणचं घालायचं होतं का?"

भंतेजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण ताई, हळद तर उन्हात पळते. मी तुमच्याकडे दर वेळी तेच तर रडत असतो."

मी हँगर खाली ठेवला. खरंच की! इतके दिवस त्यांची तक्रार ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडली होती.

पण ऊन आणायचं कुठून? समोर उंच इमारत झाल्यापासून आमच्या अंगणात ऊन पाहुण्यासारखं येतं, टेकलं न टेकलं की निघतं. विहारात गच्ची नाही. मोठं, मोकळं, हिरवं गवत एकाच ठिकाणी होतं. मी तशीच चप्पल पायात सरकवून चर्चमध्ये गेले. फादर म्हणाले, "हजच्या चादरी? माझ्या हिरवळीवर?" आणि मग, "पाइप लांब आहे का बघतो."

सासूबाई यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, "ठीक आहे. मग मीच करते. माझा हात जड आहे, पण इलाज काय?" ह्यावर त्या निमूट उठल्या आणि चादरी उचलून माझ्यापुढे चालायला लागल्या.

आभाळ दुपारी मोकळं झालं. साबण लागताच हळद लालभडक झाली, तेव्हा फादरांचा चेहरा उतरला. "असंच होतं, घाबरू नका," असा धीर सासूबाईंनी त्यांना दिला, आणि त्या कामाला लागल्याचं माझ्या लक्षात आलं. खळखळून धुतल्यावर आम्ही चादरी गवतावर पसरल्या. वाळू द्यायच्या नाहीत, ओल्या ठेवायच्या, उलटायच्या. भंतेजी झारीने पाणी शिंपडत होते. फादर छत्री उघडमीट करून पाखरं हाकलत होते आणि मध्येच धाप लागून बसत होते. सासूबाई दर थोड्या वेळाने विचारत होत्या, "आता? आता कशी दिसते?" मी खरं तेच सांगत होते. "अजून आहे. थोडी गेली. अजून आहे."

दुसऱ्या दिवशी चाचा आले. त्यांना कुणी सांगितलं, अजून कळलेलं नाही. माझा भंतेजींवर संशय आहे, त्यांच्या पोटात काही राहत नाही. चाचा बाकावर हाताची घडी घालून बसले. बराच वेळ बघत राहिले. मग भंतेजींनी चादर उलटायला एकट्याने उचलली आणि ती मातीला लागायला आली, तेव्हा चाचा पटकन उठून दुसऱ्या टोकाला गेले. "असं नाही. दोघांनी धरायचं असतं," ते म्हणाले. त्यानंतर ते परत बाकावर बसलेच नाहीत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी चादरी पांढऱ्या झाल्या होत्या. एक कोपरा सोडून. तिथे नखाएवढी फिकी पिवळी छटा राहिली होती, काही केल्या हटेना. मी ते सांगितलं तेव्हा सासूबाईंनी मान खाली घातली.

"मी आमच्या मौलवींना विचारून आलोय," चाचा म्हणाले. "वास नाही, तर हरकत नाही म्हणाले." त्यांनी तो कोपरा नाकाशी नेला. "गवताचा येतोय थोडा. तो वाऱ्याने जाईल." आणि चादरी घेऊन गेले.

मला वाटलं, मिटलं. पण टब पालथेच राहिले. सासूबाई सकाळी अंगणात जाऊन लिंबाला नळाचं साधं पाणी घालायच्या आणि आत येऊन बसायच्या. फादरांचे रुमाल मी परत पाठवले, ते त्यांनी पुन्हा धाडले, मी पुन्हा परत पाठवले. डॉक्टरांचं नाव काढलं की सासूबाईंना झोप यायची. अख्खं घर त्या पालथ्या टबांना वळसा घालून चालत होतं.

मग चाचा परतले. चेहरा उन्हाने रापलेला, डोकं तासलेलं, आणि चक्क हसत होते. आमच्याकडे आले, मला बाजूला सारलं आणि मागे जाऊन तेच गाठोडं सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"धुऊन ठेवा, ताई."

"भाई, मी आता बंद केलंय."

"मी नाही येणार न्यायला," चाचा म्हणाले. "माझा मुलगा येईल."

"कधी?"

"घाई नाही."

सासूबाईंना कळायला क्षणभर लागला. मलाही. कफन घरच्या कपाटात ठेवायचं सोडून चाचा ते ह्या बाईच्या हाती देत होते. जिने ते पिवळं केलं, तिच्याच हाती.

"घाई नाही काय?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "तुमच्या आधी माझा नंबर लागला तर?"

"म्हणून तर म्हणतो, डोळे करून घ्या. तब्येत सांभाळा. मला दुसरा धोबी शोधायला लावू नका."

त्या हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसत राहिल्या. मग त्यांची बोटं चादरीवरून फिरायला लागली, कडेकडेने, काही शोधत. "कुठाय तो कोपरा?"

चाचांनी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. "हा. तिथे सगळ्यांच्या अंगावर पांढरंच पांढरं. त्या गर्दीत रोज सकाळी माझी चादर मला ह्याच्यावरून सापडायची."

"मला बघायचाय," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, डॉक्टरांना फोन कर. जवळची तारीख द्या म्हणावं."

मी फोन करून आले तेव्हा एक टब सरळ झाला होता आणि चादरी पाण्यात होत्या. सासूबाई स्टुलावर नव्हत्या, शेजारी उभ्या होत्या.

"बघत काय उभी राहिलीस? बस. हलक्या हाताने चुबक. आणि पहिलं पाणी फेकू नकोस."

मी उंबरा ओलांडला आणि स्टुलावर बसले. हात जड आहे हे त्यांनी त्या दिवशी मला पाच-सहा वेळा तरी सुनावलं. मग टब दोघींनी मिळून उचलला आणि ते पाणी लिंबाला घातलं.