अमेरिका आटली

"औंदा अमेरिका आटली की, बाबू." फडकं खांद्यावर टाकत खानसामाचाचा प्लॅटफॉर्मवर यायचे आणि विहिरीच्या पाण्याचं सांगावं तसं जगाचं सांगायचे.

सोलापूर स्टेशनात मी पार्सल कारकून, ते साहेबलोकांच्या जेवणघराचे खानसामा. थंडी पडली की मुंबईला बोटीनं उतरलेले परदेशी पाहुणे विजापूरचा गोलघुमट बघायला याच वाटेनं जात. जेवणापुरती गाडी इथं थांबे. यंदा कुठल्या मुलखाची माणसं फिरायला निघालीत, हे चाचा वाढता वाढता ओळखायचे. सूप चाटूनपुसून संपवलं तर जर्मन. बर्फ मागितला की अमेरिका. "फ्रान्स नुसता पाव कुरतडतो," म्हणायचे. आता तुम्हीच सांगा, आम्हां कारकुनांना जग दुसरीकडं कुठं दिसणार होतं? आम्ही हसायचो, पण रोज विचारायचोही.

मग मंदी आली. आधी अमेरिका गेली, मागोमाग जर्मन. आदल्या स्टेशनावरून जेवणाऱ्यांची तार यायची, ती 'कोणी नाही' अशी यायला लागली. तरी चाचा सूप चढवायचेच. "तारवाला चुकतो की कधीमधी." गाडी हलली तरी खिडक्यांत एखादा गोरा चेहरा दिसतो का बघत उभे राहायचे. लेकी नांदायला गेलेल्या बापासारखे दिसायचे तेव्हा. उरलेलं गार सूप आम्ही मंडळी गपचूप प्यायचो. घरी सोवळं, इथं सूप. देवाला सगळं ठाऊक.

शेवटी जेवणघर बंद करायचा हुकूम आला. चाचा टेंभुर्णीला लेकाकडं जायचे होते. शेवटच्या दिवशीही त्यांनी सगळी टेबलं मांडली. दुपारची मेल आली, गेली. कुणी उतरलं नाही. तेवढ्यात चाचांनी खुर्ची ओढून मलाच बसवलं, वाफाळतं सूप पुढं ठेवलं आणि सवयीनं खुर्चीमागं उभे राहिले.

दोन चमचे घेतले असतील. मागून हळूच म्हणाले, "बाबू, खरं सांगा. चांगलं लागतंय का?"

असं काय विचारता, म्हणून मी वळलो.

"इतकी वर्सं वाढलं. त्यांची भाषा येत न्हाई, इचारणार कसं? थ्यांक्यू तर ते पाण्यालाबी म्हनतात."

"लई चांगलं लागतंय, चाचा."

"मग अजून घ्या की," ते म्हणाले, आणि पातेलं रिकामं होईपर्यंत वाढत राहिले.