भांडी घासताना चालणारं बोट

आत्याच्या उजव्या हाताची नखं वाढलेली असायची आणि डाव्या हाताची पार मुळापर्यंत कापलेली. नवख्या माणसाला वाटायचं, या बाईचं एका हाताकडे लक्षच नाही. गिटार शिकायला येणाऱ्या मुलांना मात्र पहिल्याच दिवशी कळायचं की डावा हात तारा दाबतो, उजवा छेडतो आणि दोघांच्या गरजा वेगळ्या. "नवराबायकोसारखं," आत्या म्हणायची. तिचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे ती हे बिनधास्त म्हणू शकायची.

भावाच्या घरातली मागची खोली तिची. समोरासमोर दोन खुर्च्या, डावा पाय टेकायला एक बुटकं स्टूल, खिडकीच्या कट्ट्यावर नखं घासायची कानस. शिकवताना ती स्वतः कधी वाजवत नसे. सूर गुणगुणून दाखवायची, मुलाचं मनगट दोन बोटांनी उचलून धरायची. "हळू. अजून हळू. न चुकता येईल इतकं हळू." मूल चुकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करू लागलं की ती तारांवर तळवा आडवा ठेवायची. "सुरुवात येते तुला. ती वाजवून मला खूश करू नकोस. जिथे घसरलास, त्याच्या एक सूर मागून घे." आणि सगळ्यांत कडक नियम हा, की हात भरून आला की गिटार खाली ठेवायची, विचारत बसायचं नाही. मुलांना हाच नियम फार आवडायचा.

ती का वाजवत नाही हे घरात सगळ्यांना आपापल्या परीने ठाऊक होतं. तरुणपणी तिला संगीत विद्यालयात प्रवेश घ्यायचा होता. परीक्षेच्या आधी एकच अवघड जागा ती दिवसदिवस घोटत बसली, हात जड झाला तरी. मग उजवा हात तारांवर ठेवला की करंगळीशेजारचं बोट आपोआप तळव्यात वळायला लागलं. दुखायचं नाही, सुजायचंही नाही. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि काही झालेलं नाही म्हणून परत पाठवलं. कारण तेच बोट बटण लावताना सरळ असायचं आणि मटार सोलताना तर सगळ्यांच्या पुढे पळायचं. "भांडी घासताना बरं चालतं हिचं बोट," आई म्हणाली होती. भाऊ म्हणाला होता, "परीक्षेची भीती वाटते तर तसं सांग ना सरळ. नाटकं कशाला?"

मग तिने सांगणंच सोडलं आणि शिकवायला लागली.

आता भाऊ निवृत्तीला आला होता. त्याची धाकटी मुलगी, जिला घरात अजून बारकी म्हणत, बापापेक्षा उंच झाली होती आणि आत्याच्या सगळ्या शिष्यांच्या पुढे गेली होती. त्याच विद्यालयाची परीक्षा आता तिची होती, पुढच्याच आठवड्यात. तिने निवडलेल्या रचनेत एक लांबलचक जागा होती. अंगठा खाली चाल धरतो आणि वर करंगळीशेजारच्या बोटापासून तीन बोटं एकामागोमाग एकाच तारेवर पडतात, इतक्या भरभर की ऐकणाऱ्याला एकच न तुटणारा सूर वाटावा.

एका दुपारी बारकी आत ती जागा घोटत होती. स्वयंपाकघरात वहिनीचा मिक्सर चालू होता आणि आत्या मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

"काय झालं वन्सं?"

"जरा मिक्सर बंद करा."

"हो का! तुमचं संगीत चालू आणि माझं वाटण अर्ध्यात बंद?" पण वहिनीने बटण फिरवलं.

"तिघांतलं पहिलं बोट कच्चं पडतंय," आत्या म्हणाली आणि उठली.

आत जाऊन तिने नुसता बारकीचा हात पाहिला. करंगळीशेजारचं बोट दर फेरीला किंचित आत ओढलं जात होतं.

"कधीपासून वळतंय?"

"वळत नाही गं आत्या. थोडं आखडतंय. वेग वाढवला की जाईल."

हे वाक्य आत्याच्या ओळखीचं होतं. तिने गिटार पेटीत घातली, पेटी आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

संध्याकाळी भाऊ घरात शिरला तेव्हा बारकीचे डोळे सुजले होते आणि वहिनी तावातावाने बोलत होती. "परीक्षा तोंडावर आणि गिटार कुलपात! वन्सं, मी स्पष्टच बोलते. तुम्हाला जमलं नाही ते हिला जमतंय, ते तुम्हाला बघवत नाहीये."

"अगं, हळू बोल जरा," भाऊ म्हणाला.

"हळू, हळू! या घरात दुसरं काही शिकवतात का?"

आत्याने कपाट उघडलं, गिटार काढली आणि पाय स्टुलावर ठेवून बसली. तिला वाजवताना वहिनीने आणि बारकीने कधी पाहिलंच नव्हतं. तीच लांब जागा तिने सुरू केली. पहिले काही सूर स्वच्छ आले, इतके की बारकीने मान वर केली. मग बोट तळव्यात गेलं आणि तिथेच बसलं. आत्याने एक सूर मागून घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

मग तिने गिटार बारकीच्या मांडीवर दिली, स्वयंपाकघरातून उरलेल्या मटारची टोपली आणली आणि शेंगा सोलायला घेतल्या. तेच बोट शेंगेतून सरळ, सफाईने फिरत होतं.

"बघ दादा. नाटक अजून चालूच आहे."

भाऊ तिच्यासमोर बसला. बराच वेळ तो त्या बोटाकडे बघत राहिला. "मला खरंच वाटायचं की..."

"सगळ्यांनाच वाटायचं. पुढे पुढे मलाही वाटायला लागलं."

"म्हणजे माझंही असंच होणार?" बारकीने विचारलं.

"माहीत नाही. तुझं अजून आखडतंय. माझ्या वेळी एवढ्यावर मला कुणी थांबवलं नाही." आत्याने किल्ली तिच्यापुढे ठेवली. "मी कुलूप लावायला नको होतं. हात तुझा आहे. परीक्षेचं तू ठरव."

बारकीने दुसऱ्या दिवशी विद्यालयाला स्वतः फोन केला आणि यंदा येत नाही म्हणून कळवलं. वहिनी वन्संशी कामापुरतंच बोलू लागली. बारकी गिटारशिवाय शिकत राहिली. रचना गाऊन बघायची, डोळे मिटून मनात वाजवायची. तिच्या हाताची ओढ पूर्ण सैल पडेपर्यंत आत्याने तिला तारेला बोट लावू दिलं नाही.

एका सकाळी मागच्या खोलीतून आवाज आला. एक तार, एक बोट. मग हात सैल सोडण्याइतकी शांतता. मग पुन्हा तोच सूर.

मिक्सरचं भांडं बसवत असलेल्या वहिनीने कान दिला. "एवढंच?"

"एवढंच," आत्या म्हणाली.

"आणि पुढचं कधी?"

"हे नीट आलं की."

वहिनी थोडा वेळ बटणावर हात ठेवून उभी राहिली. मग तिने भांडं उतरवून बाजूला ठेवलं.

"राहू दे. वाटण नंतर करते," ती म्हणाली.