सहलीसाठी ठेवलेली कायल

अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायचं, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "थांबा. अजून पाक आला न्हाय."

तात्याची ही सवय. गुळाच्या बाबतीत ती ठीक होती. पण पुतणीची सोयरीक असो, पंचायतीचा उमेदवार असो, नाहीतर म्हशीचं विणं असो, तात्या बोटंच घासायचा. म्हैस त्याला न विचारता व्यायची म्हणून बरं.

असा एखादा तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुमची कामं वेळेवर होत असतील.

पणदऱ्याच्या बाजूला एका गुऱ्हाळावर आम्ही वीस वर्षं बरोबर काढली. तो गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा ते सांगणारा. मी चुलवाणात चिपाडं सारून जाळ घालणारा. पुढं सगळा ऊस कारखान्याला जायला लागला आणि गुऱ्हाळ मोडलं. मालकानं रस उकळायची कायल तात्याला देऊन टाकली. आठ जणांनी उचलायची लोखंडी कढई, आत पाच माणसं मांडी घालून बसतील एवढी. ती त्याच्या अंगणात पालथी पडली. कोंबड्यांची सोय झाली.

ही ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. तात्याच्या पोराला त्या जागेवर जर्सी गायींचा गोठा बांधायचा होता. तो म्हणाला, "तात्या, कायल भंगारात देऊ."

तात्यानं बोटं घासली. "देऊ की. पर आदी एक सहल करायची हाय तिच्यातनं."

त्याच्या मामाच्या गावी, भीमेकाठी, लोक कायलीत बसून नदी उतरायचे. ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं. तसंच आपणही जायचं. इंदापूरच्या अंगाला धरणाचा फुगवटा आहे, तिथं कायल पाण्यात सोडायची, मासे धरायचे आणि एक रात्र काठावर काढायची. पोरगं कबूल झालं. चार माणसांसमोर ठरलं की सहल झाली की दुसऱ्या दिवशी कायल भंगारात. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पारावर आमची चार म्हाताऱ्यांची बैठक बसायला लागली. सरकारी धरणाचा आराखडासुद्धा एवढा वेळ घेत नसेल. पहिलं वर्ष नदी ठरवण्यात गेलं. मी म्हणालो, नीरा जवळ आहे, तिथं जाऊ.

"नीरेत म्हशी डुंबत्यात," तात्या म्हणाला. "तितं काय धरनार, शेपट्या?"

बरं, तात्याच्या गळ्यात माळ. मासा त्यानं जन्मात खाल्ला नव्हता. मी विचारलं, "मग तू येऊन करनार काय?"

"मी सांगनार."

मग सामान. काडीनं मातीत कायल काढायची आणि कोण कुठं बसणार ते मांडायचं. मासे घावले नाहीत तर? म्हणून पिठल्याचं पीठ. पाऊस आला तर? ताडपत्री. साप निघाला तर? दोन कंदील. कायल गळली तर? डांबराचा डबा. बुडाली तर? ट्रॅक्टरची ट्यूब. शेवटी सामान इतकं झालं की ट्रॉलीत माणसाला जागा उरेना. मग कोणी घरी राहायचं यावर दोन महिने गेले. घरी राहायला कुणी तयार होईना, म्हणून सामान पुन्हा पहिल्यापासून.

महिना ठरवायचा म्हटलं तर पावसाळ्यात पूर. थंडीत कारखाना सुरू, ट्रॅक्टर ऊस ओढणार. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, काठाला गुडघाभर चिखल. वर्षाचे बारा महिने तात्यानं असे मोडीत काढले होते. तेरावा अधिक आला, तर म्हणाला, अधिक महिन्यात मासं धरू नयेत.

भंगारवाला येता-जाता सायकल थांबवायचा. "झाली का तात्या सहल?"

"ठरतीया, ठरतीया. मोठं काम हाय बाबा."

तीन वर्षं मी हे डोळ्यांनी बघत होतो आणि मला कळत नव्हतं. आमच्या कारभारणीला कळलं होतं. एकदा मी चिडून घरी आलो, तर चुलीपुढनंच म्हणाली, "अवो, भावजींना जायचंच न्हाय. ठरवू द्या की त्यांना."

"जायचं न्हाय तर ठरवायचं कशाला?"

"तुमाला नुस्ता जाळ घालायचं कळतं बगा."

तिला जाऊन आता सहा महिने झाले. असं तोंडावर सांगणारं घरात कुणी उरलं नाही. पण तेव्हा मी ऐकलं नाही. मी अंथुर्ण्याच्या पाहुण्याचा ट्रॅक्टर दोन दिवसांसाठी मागून आणला, कायल उचलायला माणसं सांगितली आणि पारावर येऊन म्हणालो, "परवा सकाळी निघायचं."

तात्याची बोटं वर आली. "गड्या, अजून पाक..."

"तीन वरीस उकळतूय. आता करपवतू का काय?"

चारचौघं हसले. तात्यानं बोटं उपरण्यात पुसली. "चला," म्हणाला.

गेलो. कायल पाण्यात झकास बसली. तात्या चपला काढून, देवळात शिरावं तसा आत शिरला. मग आम्ही वल्ह्यांच्या जागी आणलेल्या फळ्या मारायला लागलो, आणि एवढ्या ठरवाठरवीत कुणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट समोर आली. कायल गोल. तिला ना पुढा, ना मागा. या अंगानं फळी मारली की ती जात्यासारखी गरागरा फिरायची, त्या अंगानं मारली की उलटी. दिवसभर काठ वीस हातांवर होता, आणि तो आळीपाळीनं सगळ्यांच्या पाठीमागं येत होता. जाळी टाकून परतणारा एक भोई ओरडला, "आजोबा, दळन संपलं का?"

तात्याला त्याचं काही नव्हतं. तो मधोमध बसलेला, एक हात कायलीच्या काठावर, मान ताठ. रस वर यायला लागला की तो असाच बसायचा. इतक्या वर्षांनी ते तोंड मी पुन्हा पाहिलं. "डावीकडनं मारा," तो सांगायचा. आम्ही मारायचो. कायल तिला वाटेल तिकडं जायची.

एक चिलापी घावली, तळहाताएवढी. ती आम्ही सोडून दिली आणि पिठलं खाल्लं. आम्ही काठावर ताडपत्रीत झोपलो, तात्या कायलीत.

सकाळी सामान भरताना तो माझ्याजवळ आला. बोटं घासत नव्हता. हात नुसते खाली लोंबत होते.

"अजून एक रात ऱ्हायचं का रं?"

"खुळा का काय? पाव्हन्याला उसाची खेप हाय."

"व्हय, ते बी हाय," म्हणाला, आणि दोरी आवळायला गेला.

मला वाटलं, म्हाताऱ्याला चटक लागली. एवढीच माझी अक्कल.

त्यानंतर तात्या दीड वर्ष होता. पारावर यायचा, बसायचा, उठून जायचा. कुणाची सोयरीक निघाली तरी बोटं घासायचा नाही. "करा की," म्हणायचा. असा तात्या कुणालाच नको होता. आमची सगळी कामं तेव्हा वेळेवर झाली आणि एकही धड झालं नाही. एका उन्हाळ्यात झोपेतच गेला.

पण मला तो आठवतो तो कायल मोडली त्या दिवशीचा. आम्ही परतलो तेव्हा भंगारवाला टेम्पो घेऊन दारात उभाच होता. कायल टेम्पोत मावेना, म्हणून त्याच्या माणसानं घण घेतला आणि घातला मधोमध. देवळातली घंटा वाजावी तशी ती वाजली. तुटली नाही. दहा-बारा घण घातले, नुसते पोचे आले.

तात्या ओट्यावरून उठला. कायलीच्या काठावरून हात फिरवत गेला आणि एका जागी थांबला. "हितं जोड हाय," म्हणाला. "छिन्नी लाव. उगं मारू नगंस तिला."

छिन्नी त्यानं स्वतःच धरली. जोड उकलला. दोन पत्र्यांच्या मधे, खिळ्यांच्या रांगेखाली, जुना गूळ दगडासारखा काळा होऊन बसलेला होता. तात्यानं तो नखानं उकरला. चिमूटभर निघाला. माझा हात ओढून त्यावर ठेवला.

"खा. आपल्या हातचा हाय."

मी तोंडात टाकला. आधी गंज लागला, मग करपट, आणि अगदी शेवटी कुठंतरी गोड. आमची ही दारात उभी होती, बघत होती. तिला त्यातला कणभर द्यावा, हे मला सुचलं नाही.